कांस्य शेतीत का उतरले नाही : चांग क्वांग-चिह यांच्यावरील आक्षेपांना उत्तर

प्राचीन चीनचे पुरातत्त्वज्ञ चांग क्वांग-चिह यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. प्राचीन चिनी नगर राजसत्तेने घडवले, व्यापाराने नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त कारागिरांच्या कार्यशाळा उजेडात आल्यावर टिकत नाही, हा पहिला. शांग घराण्याच्या (इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातील चिनी राजघराणे) ज्या मूळ नगरासाठी त्यांनी अखेरची वर्षे वेचली ते सापडलेच नाही, मग एवढा गौरव कशासाठी, हा दुसरा. दोन्ही आक्षेप अभ्यासपूर्वक घेतलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

धातूची अवजारे आली, पीक वाढले, शिलकीच्या धान्यावर नगरे उभी राहिली, अशी मांडणी आपण सर्वांनी वाचलेली असते. चांग यांनी विचारले की शांग काळातील कांस्य गेले कुठे? ते गेले पूर्वजांच्या विधींतील पात्रांत आणि शस्त्रांत. शेतकरी मात्र दगड, हाड, शिंपला आणि लाकूड यांच्याच अवजारांनी राबत राहिला. अवजार बदललेले नसताना शिल्लक निर्माण झाली असेल, तर ती माणसांचे श्रम एका हाती एकवटल्यामुळेच झाली असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते आजही पटते. झेंगझोउ या शांगकालीन नगराची तटबंदी पाहा. थरावर थर माती टाकून, धुमसून उभारलेल्या या तटाचा परीघ सुमारे 7 किलोमीटर आहे, आणि तो बांधायला 10,000 मजुरांना 18 वर्षे लागली असावीत असा एक अंदाज आहे. एवढे हात इतकी वर्षे राबवू शकणारी सत्ता आधी होती, म्हणून ते नगर झाले.

कार्यशाळांचा पुरावा आपण त्यांच्याविरुद्ध मांडता, पण त्या कुठे होत्या हेही पाहायला हवे. अर्लीतोउ या शांगांच्या आधीच्या कांस्ययुगीन स्थळी कांस्य ओतण्याची आणि पिरोजा घडवण्याची जागा राजवाड्यांच्या परिसराला लागूनच दक्षिणेला आहे. त्या राजवाड्यांभोवतीची भिंत 2003 मध्ये, म्हणजे चांग यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी उजेडात आली. सर्वांत मौल्यवान कारागिरी राजाच्या नजरेखाली चालत होती, असाच याचा अर्थ मी लावतो.

तरीही आन्यांग या शांगांच्या अखेरच्या राजधानीबाबत आपले म्हणणे मला मान्य करावे लागते. तिथल्या हाडकामाच्या कार्यशाळांत टनावारी हाडांचा कचरा सापडला आहे, आणि केसांत खोवायच्या इतक्या पिना केवळ राजघराण्यासाठी घडवल्या जात होत्या असे म्हणता येणार नाही. ही देवाणघेवाण चांग यांच्या मांडणीत पुरेशी येत नाही.

मात्र ते एका मताला चिकटून राहिले, हे आपले विधान बरोबर नाही. ‘द आर्किऑलॉजी ऑफ एन्शंट चायना’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1963 च्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी पीत नदीच्या मध्य खोऱ्याला उगमस्थान मानले होते. 1986 च्या चौथ्या आवृत्तीत ते बाजूला ठेवून, अनेक प्रादेशिक संस्कृती परस्परांच्या संपर्कातून वाढल्या, अशी मांडणी त्यांनी केली. स्वतःचाच गाजलेला ग्रंथ असा मुळातून बदलणे सोपे नसते.

आता मूळ नगराविषयी. 1931 मध्ये बीजिंगमध्ये जन्मलेले, 1946 मध्ये तैवानला गेलेले आणि तिथे विद्यार्थिदशेतच राजकीय संशयावरून तुरुंगवास भोगलेले चांग हे आन्यांगचे उत्खननकार ली ची यांचे शिष्य. येल आणि हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी तैवानमध्ये उत्खनन केले, पण चीनच्या मुख्य भूमीवर स्वतः खोदकाम करण्याची संधी त्यांना 1990 च्या दशकात, हेनान प्रांतातील शांगछ्यू येथे मिळाली, आणि तोवर पार्किन्सनच्या आजाराने त्यांचे शरीर थकवले होते. पीत नदीच्या पुरांनी त्या भागावर गाळाचे जाड थर चढवले आहेत, त्यामुळे जमिनीत नळ्या उतरवून मातीचे नमुने काढत शोध घ्यावा लागला. त्यातून शांगांनंतरच्या झोउ काळातील सोंग राज्याच्या नगराचा तट सापडला. सोंग म्हणजे पराभूत शांगांच्या वंशजांना पूर्वजांची पूजा चालू ठेवण्यासाठी दिलेले राज्य, अशी परंपरा आहे. शांगांचे मूळ नगर हाती आले नाही हे खरे. पण तिथे जमिनीवर काही दिसत नाही म्हणून खाली काही नाही, असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही, आणि ही कमाई मला मोठी वाटते.

‘शांग नगरांत बाजार नव्हताच’ हे माझ्या लेखातील वाक्य माझे होते, चांग यांचे नव्हे, आणि ते पुराव्यापलीकडे जाणारे होते. ते मी काढून टाकले असून त्या जागी आन्यांगच्या हाडकामाचा उल्लेख घातला आहे.