खुलासा: दुसऱ्याचा टार्टन घालणं गुन्हा नाही, आणि किल्टची पिन एकाच पदराला लावतात

टार्टन म्हणजे स्कॉटलंडमधल्या घराण्यांचे वेगवेगळे चौकटींचे लोकरी नमुने, आणि किल्ट म्हणजे त्या कापडाचा गुडघ्यापर्यंतचा पुरुषी घागरा: मागे चुण्या, समोर एकावर एक येणारे दोन सपाट पदर. ‘आपल्या घराण्याचा नसलेला टार्टन घालणं स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे आणि किल्टची पिन समोरच्या दोन्ही पदरांतून आरपार लावावी,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

बंदी होती ती १७४६ च्या कायद्याची, तीही सगळ्या हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पोशाखावर. ती १७८२ मध्ये उठली. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे, पण तिथे नमुना नोंदवला जातो. कोणी काय घालावं हे ती ठरवत नाही. राजघराण्याचा बॅल्मोरल टार्टन इतरांनी घालू नये, हा संकेत मात्र जरूर पाळा. स्कॉटिश घराणं नसेल तर ब्लॅक वॉच हा गडद हिरवा-निळा टार्टन निर्धास्त घ्या.

पिनचा सल्ला जास्त नुकसान करतो. ती फक्त वरच्या पदराला, उजव्या बाजूला खाली लावायची: खालच्या काठापासून साधारण दहा सेंटिमीटर वर, उभ्या कडेपासून पाच आत. चालताना, बसताना दोन्ही पदर वेगवेगळे सरकतात. ते एकत्र टोचले की सगळा ताण पिनेवर येतो, समोरचा भाग तिरका ओढला जातो आणि लोकर फाटते. किल्ट धरून ठेवायला कमरेचे पट्टे आहेत, पिन शोभेची.

पट्टे बेंबीच्या उंचीवर आवळा, पँटसारखे खाली नकोत, म्हणजे काठ गुडघ्याच्या मध्यावर येतो. चुण्या मागेच हव्यात. बसताना त्या हाताने खाली सारख्या करून मगच टेका, नाहीतर चुरगळतात.