पस्तीस नावं आणि ‘उसना’ अभिमान

फेब्रुवारी आला की एक संदेश गटागटांतून फिरायला लागतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा तो मला एका माजी विद्यार्थ्याने पाठवला, खाली ‘सर, हे खरंय ना?’ असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: गुरुत्वीय लहरींचा शोध अमेरिकेचा. यंत्र त्यांचं, पैसा त्यांचा, नोबेलही त्यांचंच. शोधनिबंधाच्या हजारावर लेखकांत पस्तीसेक भारतीय नावं लागली, तेवढ्यावर आपण छाती फुगवतो. हा अभिमान उसना आहे. आणि आता लायगो-इंडियाच्या नावाने त्यांची जुनी यंत्रं गळ्यात घेऊन हिंगोलीत 2600 कोटी पुरायला निघालो आहोत.

विद्यार्थ्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. गुरुत्वीय लहरी म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तूंच्या टकरीतून खुद्द अवकाशात उठणारे तरंग. लायगो हा ते टिपणारा अमेरिकेतला वेधशाळांचा प्रकल्प, आणि लायगो-इंडिया त्याचं भारतात व्हायचं भावंड.

‘यंत्र त्यांचं, पैसा त्यांचा’

हे खरं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. 14 सप्टेंबर 2015 रोजी ज्या दोन वेधशाळांना ती लहर जाणवली, त्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, दोन्ही अमेरिकेत आहेत. प्रत्येकीच्या नळीसारख्या दोन भुजा, एकेक चार किलोमीटरची, आत लेझरचा प्रकाश आणि टोकाला आरसे. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका लांबीतला फरक टिपणारी ती यंत्रं उभी करण्यात भारताचा वाटा फारच थोडा होता. कोणी ‘हा शोध भारताने लावला’ म्हणत असेल, तर तेही तितकंच चूक आहे.

पण यंत्रातून काय बाहेर येतं, हे संदेश लिहिणाऱ्याने विचारात घेतलेलं नाही. बाहेर येतो तो गोंगाट. जमिनीची थरथर, आरशांच्या अणूंची उष्ण हालचाल, लेझरच्या प्रकाशातले चढउतार. या सगळ्यात सेकंदाच्या पाचव्या भागापुरता एक संकेत. तो ओळखायचा कसा, हा प्रश्न यंत्राइतकाच अवघड होता, आणि त्यावर पुण्यात काम सुरू झालं तेव्हा हॅनफर्डला बांधकामही सुरू झालेलं नव्हतं.

‘पस्तीस नावं नुसती लागली’

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था 1988 मध्ये स्थापन झाली, जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय असा: एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांची किंवा कृष्णविवरांची लहर गोंगाटातून गाळून काढायची, तर गाळण्या कोणत्या निवडायच्या? हॅनफर्डला कुदळ पडली ती 1994 मध्ये.

कल्पना सांगायला सोपी आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशांचा कल्लोळ चालू असतानाही कोणीतरी शिट्टीवर वाजवलेली ओळखीची चाल आपल्या कानाला सापडते, कारण ती चाल आधीच डोक्यात असते. तसंच इथे. संकेत कसा असेल त्याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि यंत्राच्या नोंदीवर एकेक सरकवत जुळवून पाहायचे. जुळवणीचं हे तंत्र रडारच्या काळापासूनचं. ते भारताचं आहे असं कोणीच म्हणत नाही. अडचण पुढची होती. कृष्णविवरांची वस्तुमानं कितीही असू शकतात, मग नमुने किती करायचे? चपलांच्या दुकानात प्रत्येक मिलिमीटरचं माप ठेवत नाहीत. सहा, सात, आठ अशी मापं ठेवतात आणि गिऱ्हाईक परत जात नाही. दोन मापांत किती अंतर चालेल, म्हणजे कमीत कमी नमुन्यांत एकही संकेत हातचा जाणार नाही, याचा पद्धतशीर विचार त्या कामातून पुढे आला. नंतर अनेक देशांतल्या लोकांनी तो वाढवला, सुधारला. 2015 च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले.

एक गोष्ट लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्या दिवशी पहिली चाहूल लागली ती दुसऱ्या पद्धतीने, नमुने न वापरता केवळ असामान्य उसळी शोधणाऱ्या. संकेत तेवढा जोरकस होता. पण असा योगायोग निव्वळ गोंगाटातून दोन लाख वर्षांत एकदाही होणं कठीण, हे ठामपणे म्हणता आलं ते नमुना जुळवणीच्या बळावर. आणि त्याच वर्षी 26 डिसेंबरला आलेला दुसरा संकेत पाहा. आपल्या सूर्याच्या साधारण चौदा आणि आठपट वस्तुमानाची कृष्णविवरं, संकेत अशक्त, आलेखात डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तो हाती लागला नमुना जुळवणीनेच.

नमुन्यांमधलं गणित कुठून आलं, तेही बघू. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर यांनी फ्रेंच आणि अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर 1995 मध्ये अशा जोडीच्या लहरीचा आकार आधीपेक्षा कितीतरी बारकाईने मांडला. आणि दोन कृष्णविवरं एक झाल्यावर नवं कृष्णविवर घंटेसारखं काही क्षण घुमून शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 मध्येच दाखवलं होतं. ते काम अमेरिकेत झालं, हे खरं; पुढे ते बंगळुरूला परतले आणि तिथलं तारांगण उभं करण्यातही त्यांचा हात होता. 2015 च्या संकेताचं शेवटचं टोक वर्गात फळ्यावर काढताना मी हे नाव आवर्जून घेतो. जानेवारी 2017 मध्ये ते गेले, शोध पाहून गेले, याचं मला फार समाधान वाटतं.

‘नोबेल कुणाला मिळालं ते बघा’

रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न, 2017. तिघंही पूर्ण हक्काचे. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त व्यक्तींना देता येत नाही. त्या न्यायाने उरलेल्या हजारभर लेखकांचा, त्यांतल्या शेकडो अमेरिकनांचाही, वाटा शून्य ठरेल.

‘जुनी यंत्रं, 2600 कोटी’

जुनी हा शब्द चुकीचा आहे. हॅनफर्डला आणखी एक यंत्र बसवायचं ठरलं होतं. त्यासाठी बनवलेले प्रगत लायगोचे, म्हणजे सुधारित नव्या यंत्राचे, भाग तिथे न बसवता भारताला द्यायचं ठरलं. तेही विकत नाही. जागा, इमारती, प्रचंड निर्वात नळ्या, माणसं आणि चालवण्याचा खर्च आपला.

हिंगोलीची गरज काय, याचं उत्तर आकाशात आहे. दोनच वेधशाळा असताना 2015 ची लहर कुठून आली ते सुमारे 600 चौरस अंशांच्या पट्ट्यापर्यंतच सांगता आलं. त्यात तीन हजार पौर्णिमेचे चंद्र मावतील. 17 ऑगस्ट 2017 ला इटलीतली व्हर्गो वेधशाळा जोडीला होती, तेव्हा हाच पट्टा 28 चौरस अंशांवर आला. म्हणूनच दुर्बिणींना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची ती आकाशगंगा सापडली, आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या टकरीच्या रेडिओलहरी टिपल्या. औंढा नागनाथ तालुक्यातली वेधशाळा पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला असेल. तितक्या दूरचा आणखी एक कान मिळाला, की दिशा कितीतरी नेमकी कळेल.

संदेशात राग उशिराबद्दल असता, तर मी सही केली असती. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची, शोध जाहीर झाल्यानंतर आठवड्याभरात. अंतिम मंजुरी एप्रिल 2023 ची. मधल्या सात वर्षांत या विषयात शिकून तयार झालेली कितीतरी मुलं परदेशी वेधशाळांच्या नोंदींवर काम करत राहिली. त्यांच्या वाट्याला घरचं यंत्र आलं नाही, याची खंत मला आहे.

विद्यार्थ्याला मी हा मजकूर पाठवला आहे. त्याचा धाकटा भाऊ यंदा अकरावीला, माझ्याच वर्गात आहे. मंगळवारी त्याच्या तुकडीला नमुना जुळवणी शिकवतोय, चपलांच्या मापांपासून सुरुवात करून.