गळ आणि गांजणूक

आमच्या शेजाऱ्याला दोन नाद आहेत. दोन्ही त्याला सोडत नाहीत आणि तो मला सोडत नाही. एक, फ्रेझर नदीवर गळ टाकून बसायचं. दुसरा, परसात गांजाच्या जाती जोपासायच्या. जाती म्हणतोय बरं का, गांजा नव्हे. ओढणारा माणूस निदान ओढून गप्प तरी बसतो. हा जातींवर बोलतो. नॉर्दर्न लाइट्सचा वास कसा, स्कंक नंबर वनच्या घराण्यात अफगाणिस्तान किती आणि मेक्सिको किती, कुणाचं पान रुंद, कुणाचं निरुंद. आमच्या आत्याबाई स्थळं सुचवतानासुद्धा इतकी कुळी काढत नसत.

आम्ही राहतो कॅनडात, चिलिवॅकला, व्हँकूवरपासून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर. कुंपणाअलीकडून “ओ, नाइस” एवढं म्हणून मी पाच वर्षं शेजारधर्म निभावला होता. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये माझे सासरे आले.

अण्णांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि कादवेच्या डोहावर गळ टाकून बसण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे. (सासूबाईंच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त.) इंग्रजी म्हणाल तर ‘ओके’ आणि ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ एवढंच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ते परसात गेले आणि तितक्याच वेगानं परत आले.

“जावईबापू, आत व्हा. आधी आत व्हा.”

“काय झालं?”

“शेजारी गांजाची झाडं आहेत. मी पाहिली. आपण पाहिली नाहीत असं समजा.”

मी त्यांना समजावलं. इथं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाला कायद्याने मुभा आहे, घरटी चार झाडं लावता येतात.

“माणशी का घरटी?”

“घरटी. आणि रस्त्यावरून दिसता कामा नयेत.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “आमच्याकडं तुरीच्या आड लावला तर पोलिसांसकट पेपरात फोटो येतो. इथं सरकारच सांगतं, आड लावा?”

भीती चहा संपेपर्यंत टिकली. मग ते पुन्हा कुंपणाशी गेले, या वेळी शेतकरी म्हणून. डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

“भुरी आलीय. तिसऱ्या झाडाला. खालच्या पानांवर पिठी बघा. सांगा त्या गोऱ्यांना.”

‘गोरे’ हे त्याच क्षणी शेजाऱ्याचं नाव पडलं. अण्णा त्याला पुढं ‘गोरेसाहेब’ म्हणू लागले आणि तो ‘ओके, आना’ म्हणून उत्तर देऊ लागला. मधल्या सगळ्या भाषेची जबाबदारी माझ्यावर आली. मी संगणकाच्या कामावर पोट भरणारा माणूस. भुरीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला फोनवर शोधावं लागलं. गोऱ्यांना मात्र शब्दाची गरजच पडली नाही. अण्णांनी पान उलटं करून त्यावरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट दाखवलं, आणि गोऱ्यांचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा झाला.

त्यांनी आतून एक फवारा आणला. त्यात दूध. पाण्यात कालवलेलं दूध ते पानांवर मारत होते. भुरीवर हा उपाय इकडचे बरेच हौशी बागवाले करतात.

“महादेवाचं झाड आहे,” अण्णा म्हणाले, “अभिषेक चालू द्या. पण त्यांना सांगा, आधी खालची पानं काढा, वारा खेळू द्या.”

इथून पुढं माझी संध्याकाळ माझी राहिली नाही. ऑफिसातून घरी पोचतो न पोचतो तोच कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी हाक यायची. शेंडा खुडायचा का? फुटवे किती ठेवायचे? एकदा गोऱ्यांनी अभिमानाने सांगितलं की नर झाड दिसलं की ते उपटून टाकतात, मादीला बी धरू देत नाहीत. मी भाषांतर केलं. अण्णा म्हणाले, “पपईत आम्ही दहा माद्यांमागं एक नर ठेवतो.” मी भाषांतर केलं. गोऱ्यांनी छातीवर हात ठेवला. नर ठेवला तर सगळी फुलं बियांनी भरतील, हंगाम वाया.

“म्हणजे बिनबियांचा लागतो?” अण्णांचा चेहरा उजळला. “मग असं सांगा ना. थॉमसन!”

मग जातींची भेंडी लागली. एकीकडून द्राक्षाच्या: थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस. दुसरीकडून गांजाच्या: व्हाइट विडो, ब्लू ड्रीम, हिंदू कुश. “हिंदू?” अण्णा म्हणाले. “डोंगराचं नाव आहे हो,” मी म्हणालो. मला तिथं कुणी विचारत नव्हतं.

खरा घोळ जीएने केला. निफाडकडं द्राक्षाचा मणी फुगवायला घड जीएच्या द्रावणात बुडवतात, ते अण्णांच्या हाताला बसलेलं काम. “एक डिपिंग द्या, फुलं अशी होतील,” असं म्हणत त्यांनी मूठ उघडून दाखवली. मी जीएचं पूर्ण नाव, जिबरेलिक ॲसिड, म्हणालो मात्र, गोरे दोन पावलं मागं सरले. हेच औषध गांजाच्या मादी झाडावर मारलं तर तिला नराची फुलं येतात म्हणे. अण्णांनी ते ऐकून घेतलं, बराच वेळ झाडाकडं बघितलं आणि म्हणाले, “द्राक्ष सरळ आहे बिचारं.”

शुक्रवारी गोऱ्यांनी गळ घातली. दोन्ही अर्थांनी. पहाटे चार वाजता बारवर चला म्हणाले.

“पहाटे चारला बार उघडा असतो?” बायकोने विचारलं.

हा बार म्हणजे नदीच्या पात्रातला गोट्यांचा पट्टा. तिथं गोट्यांत कांडी रोवायची, जड शिसं बांधून दोर लांब फेकायची आणि कांडीच्या टोकाला एक घुंगरू अडकवून खुर्चीत बसायचं. मासा लागला की घुंगरू वाजतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा अण्णांचा हात आपोआप कपाळाकडं गेला. नंतर कळलं, वारा होता.

परवाने मी काढले होते. परदेशी पाहुण्याचा महाग पडतो, हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. गळ हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने चाचपला.

“याला अडकाच नाही, टोकाचा उलटा काटा.”

“इथं तसाच वापरायचा नियम आहे. सोडायचा झाला तर माशाला इजा होऊ नये म्हणून.”

“मग मासा गळाला राहतो कशासाठी? आपली भीड म्हणून?”

गोऱ्यांनी फोनवर फोटो दाखवले. एक स्टर्जनचा, एक फुलाचा, एक स्टर्जनचा, एक फुलाचा. वहिनींचा एकही नाही. स्टर्जन म्हणजे फ्रेझरमधलं धूड. सहा मीटरपर्यंत वाढतो, शंभर वर्षांहून जास्त जगतो, आणि पकडला तरी सोडूनच द्यावा लागतो.

“पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा,” अण्णांनी बोटं मोडत मोजलं. “हे मुलगी बघायला गेल्यासारखं झालं. पोहे खायचे आणि ‘कळवतो’ म्हणायचं.”

हे मी गोऱ्यांना सांगण्याचा प्रयत्न केला. पोह्यांपाशी अडकलो.

अण्णांनी घरून कणकेचा गोळा आणला होता, हिंग घालून मळलेला. गोऱ्यांच्या जॅकेटला गांजाचा दर्प, अण्णांच्या हाताला हिंग, आणि मध्ये मी. घुंगरू खरंच वाजलं तेव्हा हे दोघं पाठमोरे होते. अण्णा वाळूत काडीने वेलीची छाटणी काढून दाखवत होते, गोरे त्याच चित्राला पाच बोटांची पानं जोडत होते. मी ओरडलो. कुणी आलं नाही. कांडी मीच ओढली.

पिंक सामन होता, नर. समुद्रातून अंडी घालण्याच्या जागी परतताना या नराच्या पाठीवर कुबड येतं, म्हणून इथले गळवाले त्याला हंपी म्हणतात. फ्रेझरमध्ये हे मासे विषम सालीच येतात. दोन वर्षांचं आयुष्य, त्याच पाण्यात जन्म आणि त्याच पाण्यात शेवट. अण्णा शेवटी वळले. ओल्या हाताने त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

“वशिंड आहे की याला. पोळ्याच्या बैलासारखं.” मग थोडं थांबून, “घरी चाललाय ना? सोडा त्याला.”

सोडला. गोऱ्यांनी माझी गाठ चुकीची होती एवढं सांगितलं, अण्णांनी त्याला मान डोलावली, आणि दोघं पुन्हा वाळूकडं वळले.

अण्णा जाताना गोऱ्यांनी त्यांना एक रोप भेट दिलं. त्यांची चार झाली होती, हे पाचवं. आमच्या घराचा कोटा तसाच पडून होता. अजून फुलावर आलेलं नव्हतं, म्हणून कायद्यातही बसत होतं. अण्णा निफाडला गेले, रोप आमच्या खिडकीत राहिलं, तुळशीच्या शेजारी. बायको दोघींनाही पाणी घालते, पण उदबत्ती एकीलाच ओवाळते.

आता रोज सकाळी साडेसहाला फोन येतो. तिकडं संध्याकाळचे सात वाजलेले असतात, अण्णा बागेतून येऊन हातपाय धुऊन बसलेले. माझी ख्यालीखुशाली विचारण्यात वेळ जात नाही.

“कॅमेरा खाली घ्या, जावईबापू. अजून खाली. तिसरं पान उलटं करा. बोट फिरवा. दाखवा बोट.”

मी गुडघ्यांवर बसून बोट दाखवतो. कुंपणापलीकडून गोरेही मान लांब करून बघत असतात.