चुंबक चिकटलं म्हणजे स्टील नकली? नाही

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: भुलेश्वरला भांडी घ्यायला जाताना चुंबक न्या, चिकटलं तर स्टील नकली. हे चूक आहे.

स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतं ते क्रोमियम. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. ओरखडा गेला तरी तो पुन्हा तयार होतो. चुंबकाचा या थराशी काही संबंध नाही. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ या प्रकारात (ग्रेडमध्ये) साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे आतली स्फटिकरचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. गंमत म्हणजे शुद्ध निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं! ४३० प्रकारात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाही. त्याला चुंबक घट्ट चिकटतं, तरी ते अस्सल स्टेनलेसच. इंडक्शनच्या भांड्यांच्या बुडाला तर असंच स्टील लागतं.

खरा घोळ उलट बाजूला आहे. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं स्वस्त स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही, म्हणजे मेसेजवाल्यांच्या परीक्षेत पास, पण गंजाला ३०४ पेक्षा लवकर बळी पडतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर जास्तच. आणि ३०४ चं भांडंसुद्धा ठोकून वाकवलेल्या कडेला किंचित चिकटू शकतं.

चुंबक घरीच ठेवा. भांड्यावरचा ग्रेडचा छाप बघा, बिल मागा.