पाऊण तोळ्याचा मुलगा

फ्रँकफुर्टच्या जुन्या गावात, कॅथेड्रल आणि रोमर चौक यांच्या मधल्या गल्ल्यांत एका बालपुस्तकाचं अख्खं संग्रहालय आहे. पुस्तक 'श्ट्रुव्वेलपेटर', म्हणजे झिंज्या वाढवलेला पेटर. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे शिंपी भल्यामोठ्या कात्रीने उडवतो. काड्यापेटीशी खेळणाऱ्या पाउलीनची राख होते, बूट तेवढे उरतात. सूप नको म्हणणारा कास्पर पाचव्या दिवशी मरतो. आणि १८४५ सालच्या पहिल्या आवृत्तीच्या नावातच सांगितलं होतं: वय वर्षं ३ ते ६ साठी, गमतीच्या गोष्टी.

आपल्याकडे सध्या पालकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, मुलांच्या गाण्यागोष्टींत भीती नकोच, लांडग्यालासुद्धा शाकाहारी करा. दुसरा म्हणतो, आम्ही बागुलबुवा ऐकला, फटके खाल्ले, काय बिघडलं? इथे जर्मनीत बसून ऐकताना वाटतं, दोघंही धमकी आणि विनोद यांची गल्लत करताहेत.

'जेव, नाहीतर बुवा येईल' ही धमकी आहे. ती याच मुलाला, आत्ता, अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवून दिली जाते. बुवाला चेहरा नाही, गोष्टीला शेवट नाही, म्हणून ती रात्री पांघरुणात शिरते. कोनराड मात्र दुसऱ्याचा मुलगा. त्याची गोष्ट एका पानावर सुरू होते आणि तिथेच संपते. पान उलटलं की शिंपी गेला.

हे लिहिणारा हाइनरिश हॉफमन पेशाने डॉक्टर. १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक शोधायला गेला, दुकानातली उपदेशी पुस्तकं आवडली नाहीत, म्हणून कोरी वही घेऊन आला आणि स्वतःच भरली. घाबरून रडणाऱ्या बालरुग्णांसमोर भराभर चित्र काढून त्यांना गप्प करायची त्याला सवय होतीच. म्हणजे ही कला जन्मली ती भीती घालवायला!

कास्परची कविता जवळून पाहा. सुरुवातीला तो गोल गरगरीत. मग दिवसागणिक चित्रात बारीक होत जातो, शेवटी सुताएवढा. वजन किती? 'अर्धा लोट'. लोट हे सुमारे पंधरा-सोळा ग्रॅमचं जुनं माप, म्हणजे पोरगं पाऊण तोळ्याच्याही आत! इथे मूल हसतं, कारण तीन वर्षांच्या मुलालाही कळतं की असं होत नाही. अशा कवितेची पहिली अट हीच: शिक्षा गुन्ह्याच्या मानाने शंभरपट हवी. कास्परला नुसती पोटदुखी झाली असती तर ती आरोग्यखात्याची सूचना झाली असती.

दुसरी अट, सांगणाऱ्याचा आवाज थंड हवा. हिलेअर बेलॉकच्या १९०७ च्या इंग्रजी कवितांत दाईचा हात सोडून पळालेल्या जिमला सिंह खातो, आणि आई डोळे पुसत म्हणते, मला काही नवल वाटत नाही. तिसरी अट चालीची. जर्मन आणि इंग्रजी दोन्हीकडे आखूड ओळी, जोडीने यमक. मराठीत त्याला सोळा मात्रांचं, आठ-आठवर थांबणारं पादाकुलक हे वृत्त अगदी फिट बसतं. उदाहरणादाखल:

दात घासता चिंगी म्हणते,
नळ राहू दे, काय बिघडते?
पाणी आले घोट्यापाशी,
ब्रश हाती अन् फेस मुखाशी.
वाहत गेली जिन्यावरूनी,
कळवा, मुंब्रा, खाडीमधुनी.
माशाने मग घाई केली,
चूळ तेवढी राहुन गेली.

गणित सोपं आहे: ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाची दोन. आठव्या मात्रेवर शब्द मधेच तुटला की मोठ्याने वाचणारा अडखळतो आणि हशा जातो. मासा चिंगीला गिळतो हे कुठेही म्हटलेलं नाही, ते मुलाने ओळखायचं. 'गिळले तिजला' असं लिहिलंत तर ती बातमी होते. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटी चिकटवलेलं 'म्हणुन मुलांनो, पाणी वाचवा'. त्या ओळीत कवी मागे जातो आणि गुरुजी पुढे येतात.

'क्रूर कविता वाचणारे लोक क्रूर होतात' या शंकेला इथला कायदा बऱ्यापैकी उत्तर देतो. जर्मनीत नोव्हेंबर २००० पासून मुलाला हिंसेशिवाय वाढण्याचा हक्क आहे आणि तो आईवडिलांवरही बंधनकारक आहे. अंगठे कापणारा शिंपी कपाटात, पण चापट बेकायदा. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं. घरातल्या धपाट्याबद्दल तो कायदा बोलत नाही. लांडग्याला शाकाहारी करण्यापेक्षा तिथे वाद घालायला बरीच जागा आहे.

अर्थात पुस्तक सोवळं नाही आणि इथेही ते प्रत्येक घरात वाचलं जात नाही. काळ्या मुलाला चिडवणाऱ्या तिघांना निकोलस शाईत बुडवून आणखी काळं करतो, ही गोष्ट वंशभेदाविरुद्धच आहे. पण त्यातला काळ्या मुलासाठीचा शब्द आज उच्चारवत नाही, आणि काळं होणं हीच शिक्षा ठरते. पुस्तकातल्या चुळबुळ्या फिलिपचं नाव तर चंचल मुलांवर शिक्क्यासारखं बसलंय: अवधान-चंचलतेच्या विकाराला (एडीएचडी) जर्मन बोलीभाषेत 'त्सापेलफिलिप सिंड्रोम' म्हणतात.

आणि पाउलीनचं पान वाचताना थोडं थांबावं. अंगठे कापणारा शिंपी कुठल्याच गावात नसतो, काड्यापेटी मात्र गॅसच्या ओट्यावर असते. कवितेत मिन्त्स आणि माउन्त्स या दोन मांजरी पंजे उचलून 'नको, नको' ओरडत राहतात आणि शेवटी तिच्या राखेशेजारी बसून ओढ्यासारखं रडतात. मुलं इथे मांजरींचा आवाज काढायला लागतात. काढू द्यावा. पेटी मात्र वरच्या फळीवर.