कुणाच्या बापाचा पल्सर?

गेल्या रविवारी मी गुलाबांच्या एका टोपलीचा फोटो पाठवला आणि साताऱ्याहून सकाळी सकाळी उत्तर आलं, "झालं का सुरू तुझं गोऱ्यांचं कौतुक?"

आम्ही सातजण. पुण्यात एका वर्गात होतो, आता पाच शहरांत पांगलोय, मी मँचेस्टरला. दर रविवारी प्रत्येकानं दोन गोष्टी पाठवायच्या: एक अल्बम आणि संग्रहालयातली एक वस्तू. नियमही दोनच. अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकलेला हवा, आणि वस्तूसमोर स्वतः उभं राहिलेलं हवं. नेटवरून उचललेला फोटो बाद. नऊ वर्षं चाललंय हे. मधल्या काळात दोन लग्नं झाली, एक मोडलं, एकाचे वडील गेले, पण रविवार चुकला नाही.

टोपली लंडनच्या नॅशनल गॅलरीतली, १८९० सालची. चित्रकार फांतँ-लातूर. नावावरून मराठवाड्यातला वाटतो, पण माणूस फ्रेंच. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडनं १९८३ साली 'पॉवर, करप्शन अँड लाइज' काढला, तेव्हा डिझायनर पीटर सॅव्हिलनं हेच चित्र मुखपृष्ठावर घेतलं. गॅलरीतल्या पोस्टकार्डावर त्यानं ते पाहिलं होतं. पुढे २०१० मध्ये ते मुखपृष्ठ इथल्या पोस्टाच्या तिकिटावरही आलं. चित्रापासून पोस्टकार्ड, पोस्टकार्डापासून अल्बम, अल्बमपासून तिकीट. मला ही साखळी भारी आवडते, म्हणून पाठवली. मुखपृष्ठावर ती फुलं मोठी, गार आणि थोडी दुष्ट दिसतात. प्रत्यक्षात चित्र अगदी लहान आहे, आणि एका गुलाबाच्या पाकळ्या कडेला तपकिरी पडायला लागल्यात. ते बघायला पार नाक लावून उभं राहावं लागतं.

सातारकराला पाकळ्यांशी काय देणंघेणं? त्याचा मुद्दा दुसराच. "आपली वाघनखं इतकी वर्षं दाबून ठेवली ती हीच माणसं ना? आता तीन वर्षांसाठी उसनी दिली तर आपण हात जोडायचे. आणि तू तिकडून फुलांचे फोटो पाठव."

आता वाघनखांचा वाद मला काय नवा आहे? २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार झाला तेव्हापासून तो घरोघरी चाललाय. आधी "परत येणार" म्हणून फटाके, मग "परत नाही, उसनी" म्हणून संताप, मग "पण ती खरी आहेत का?" यावर हातघाई. वाद करणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगत आले: वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर वाचा. ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानानं दिली, असं त्यावर लिहिलंय. डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२, आणि प्रतापगडची गोष्ट १६५९ ची. मधे दीडशेहून जास्त वर्षं. हीच ती नखं याची खातरजमा करता आलेली नाही, हे म्युझियम स्वतःच सांगतं. मला हे आवडतं. वस्तू आमच्याकडे आहे, पण तिच्याबद्दल आम्हाला पक्कं माहीत नाही, असं सांगणारं संग्रहालय. आपल्याकडे पाटीवर "बहुधा" लिहायची कुणाची छाती आहे? दुसऱ्या दिवशी पाटी तरी फुटेल नाहीतर लिहिणारा तरी.

हे सगळं मी लिहिलं. वर हेही जोडलं की इथे राष्ट्रीय संग्रहालयं २००१ पासून फुकट आहेत, शनिवारी शाळकरी पोरं जमिनीवर फतकल मारून चित्रं काढत बसतात, त्यांना कुणी हाकलत नाही. आणि परत देण्याचंच म्हणशील तर आमच्या मँचेस्टर म्युझियमनं २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अनिंदिल्याक्वा लोकांना १७४ वस्तू परत केल्या. उसन्या नाहीत, कायमच्या. "आमच्या" हा शब्द पाठवल्यावर मला दिसला. सातारकराला तर दिसलाच.

मग गाणी निघाली. सात जणांत एकटा तोच अलीकडे "आपलं"वाला झालाय. कॉलेजात हाच पोरगा रेडिओहेड हा इंग्लिश बँड लावून पावसात बाइक पळवायचा. आता म्हणतो, तुकाराम असताना हे रडगाणं कशाला? म्हटलं, मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' बँड गिटार-ड्रम्सवर अभंगच गातो, तो ऐक. तर म्हणे, तो फाजीलपणा. म्हणजे तुकाराम चालतो, पण साताऱ्याला विचारून.

"आपलं" हा शब्द मी नारायणगावात लहानपणी ऐकलाय, आणि तो कसा वापरतात तेही पाहिलंय. माझं गाव तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकर या आमच्या गावच्या, राष्ट्रपतींकडून गौरवलेल्या. त्यांचं नाव गाव छाती फुगवून घेतं. पण राहुट्या पडल्या आणि ढोलकी वाजायला लागली की आमची आजी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची, आणि आम्हा पोरींना दिवेलागणीनंतर ओटासुद्धा बंद. गावाचं भूषण होतं ते, फक्त घरात येऊ द्यायचं नव्हतं. त्यामुळे कुणी मला "आपलं ते ऐक" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, खिडकी उघडी ठेवून का लावून?

मला पहिलं "माझं" वाटलेलं संगीत पुण्यात मिळालं, कुणीतरी भरून दिलेल्या एमपीथ्री सीडीवर. रेडिओहेडचा 'ओके कंप्युटर', १९९७ चा, आमच्यापर्यंत पोचला २००२ मध्ये. सीडीवर गाण्यांना क्रमांक नव्हते, म्हणून ती इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं वाजायची. चार वर्षं मी तो अल्बम चुकीच्या क्रमानं पाठ केला. इथे आल्यावर चॅरिटी शॉपमध्ये खरी सीडी मिळाली. लावली तर मधली बहुतेक गाणी उलटीपालटी, पहिलं आणि शेवटचं मात्र जागच्या जागी. 'एअरबॅग'नं सुरुवात, 'द टुरिस्ट'नं शेवट. दोन्हींपैकी कुठल्याही क्रमानं लावा. तरी मला अजून चुकीचाच क्रम बरोबर वाटतो.

असो. सातारकराला मी इतकं सुनावलं की बाकीचे पाच गप्प झाले. दुपारी त्याचं उत्तर आलं, शिवीगाळ नव्हती. २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा तो आईला घेऊन गेला होता. पाऊस, रांग, छत्र्यांची टोकं डोळ्यात. काचेसमोर पोचल्यावर आईनं चपला काढल्या. मागचे लोक "चला, चला" करत होते, आणि ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी. "तिला सांगितलं मी, खरी असतील-नसतील म्हणून," त्यानं लिहिलं होतं. "ती म्हणाली, मला माहितेय, तू धर चपला."

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये मी दहा-बारा वेळा तरी गेले असेन. तिथे कुणाला चपला काढताना पाहिलेलं नाही. मीही काढलेल्या नाहीत.

आणि आता सांगूनच टाकते, कारण आमच्या सातांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पुण्यात पाच वर्षं मी सदाशिव पेठेत राहिले. राजा दिनकर केळकर संग्रहालय चालत दहा मिनिटांवर. एकदाही गेले नाही. लंडनची संग्रहालयं पालथी घालून झाल्यावर, इथलं नागरिकत्व घेतल्यावर, सुट्टीत गेले तेव्हा पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. खिडकीवर भारतीयांचे दर वेगळे आणि परदेशी पाहुण्यांचे वेगळे. मी "एक द्या हो काका" म्हटलं, काकांनी वर न बघता भारतीय तिकीट फाडलं. पर्समध्ये नवा पासपोर्ट होता. मी गप्प राहिले. मस्तानी महालात उभी राहून मला सारखं वाटत होतं की आता मागून कुणीतरी हाक मारणार. एका माणसानं जन्मभर गावोगाव फिरून गोळा केलेले दिवे, अडकित्ते, वज्री. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव दिलेला संग्रह. पायाची टाच घासायच्या वज्रीवर इतकं नक्षीकाम कशासाठी, असा प्रश्न पडावा अशा वज्री. त्या रविवारी मी वज्रीचाच फोटो पाठवला. तिकिटाचं लिहिलं नाही.

तर सातारकराचं उत्तर वाचून मी गप्पच होते. तेवढ्यात ठाणेकरीण, जी कधी कुणाच्या भांडणात पडत नाही, तिनं मला विचारलं, "तूपण तीन वर्षांच्या करारावरच गेली होतीस ना गं?"

२०११ ला. हो.

पाच जणांनी हसण्याचे चेहरे टाकले. मी नाही टाकला.

संध्याकाळी आमच्यातल्या सहाव्यानं विषय बदलला. हा जुन्नरला कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. त्यानं मागच्या वर्षीचा माझाच एक फोटो परत टाकला. त्यात माझ्या अंगात काळा टी-शर्ट आहे, पांढऱ्या रेघांच्या डोंगररांगांचा. मँचेस्टरमध्ये हे चित्र टी टॉवेलवर, मगवर, तान्ह्या पोरांच्या झबल्यावरही मिळतं. इथल्याच जॉय डिव्हिजन बँडचा 'अननोन प्लेझर्स', १९७९, रेकॉर्डिंग शेजारच्या स्टॉकपोर्टचं, मुखपृष्ठ पुन्हा सॅव्हिलचंच. हा अल्बम मला इथल्या पावसासारखा अंगवळणी पडलाय. "या रेघा कशाच्या माहितीये का?" त्यानं विचारलं.

पल्सरच्या, म्हणजे रेडिओ लहरींचे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या, हे माहीत होतं. पुढचं त्यानं सांगितलं. १९६७ मध्ये जोसलिन बेलला सापडलेला पहिला पल्सर, दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका, असे ऐंशी ठोके एकाखाली एक मांडलेले. नोंदी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीच्या, आलेख हॅरोल्ड क्राफ्ट नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातला. मँचेस्टरचा त्यात काही संबंध नाही. नोबेल १९७४ मध्ये जोसलिनच्या मार्गदर्शकाला मिळालं, तिला नाही. "आणि हेच ठोके टिपायचं काम आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला चालतं. खोडद आणि आसपास मिळून तीस रेडिओ दुर्बिणी, एकेक पंचेचाळीस मीटरची. तू त्या एसटीच्या खिडकीतून बघत मोठी झालीस आणि टी-शर्ट मँचेस्टरात विकत घेतलास."

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली कारण डोंगरांच्या आडोशानं तिथे रेडिओचा गोंगाट कमी. माझं गाव शांत म्हणून निवडलेलं गाव, हे मला चाळिशीत कळलं.

रात्री पेटाऱ्यातला शाळेचा अल्बम काढला. सातवीची सहल, खोडद. निळा पिनाफोर, दोन वेण्या, उन्हानं मिचमिचे डोळे, आणि मागे तारेच्या जाळीची ती अवाढव्य थाळी आकाशाकडे तोंड करून. फोटोचा फोटो काढला आणि पाठवला. संग्रहालय नाही, पण समोर उभी होते की नाही? नियमात बसतं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सातारकर: "आणि अल्बम?"

मी काळं मुखपृष्ठ पाठवलं.

"किती मिनिटांचा आहे?"

"एकोणचाळीस."

"आईला दवाखान्यात न्यायचंय, तिथे रांगेत ऐकतो," त्यानं लिहिलं. "आवडला नाही तर सांगणार हां."