मुठीतला दात

सहा-सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. ऑफिसमधून घरी पोचायला पावणेआठ वाजले होते. दार उघडताच माझा सात वर्षांचा मुलगा धावत आला, हात पुढे करून, "आई, बघ ना, बघ ना!" आणि मी ओरडले, "अरे, आधी मला आत तरी येऊ देशील का? जीव खाऊ नकोस माझा!"

त्याची मूठ मिटली. काही न बोलता तो आत गेला. मला वाटलं, असेल एखादं चित्र नाहीतर स्टिकर. रात्री त्याचं दप्तर भरताना कंपासपेटीत कागदात गुंडाळलेला इवलासा दात सापडला. त्याचा पहिला पडलेला दात. पाच वाजता पडला होता म्हणे, आणि आईला दाखवायचा म्हणून पावणेतीन तास तो खेळायलासुद्धा गेला नव्हता.

हे लिहिताना आत्ताही घसा दाटतो. कारण त्या ओरडण्यातलं एक अक्षरही त्याच्यासाठी नव्हतं.

त्या दिवशी तसं सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. सकाळी एका सिग्नलला बस वीस मिनिटं जागची हलली नाही. उशीर झाला, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत "या, या, वेळ मिळाला का?" हे ऐकून घेतलं. निघायला दहा मिनिटं असताना तीन दिवस खपून केलेला रिपोर्ट एका ओळीच्या मेलसोबत परत आला. येताना उभ्याने प्रवास, आणि कुणाच्या तरी सॅकचा कोपरा सव्वा तास बरगडीत. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणी घर डोक्यावर घेणार नाही. पण या सगळ्याची बेरीज झाली आणि ती दारात उभ्या असलेल्या सर्वांत लहान माणसावर निघाली. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेले. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मांडलेली एक गोष्ट मला तंतोतंत पटली. चिडचिड होते तेव्हा अॅड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात. चिडवणारी गोष्ट संपते, पण शरीर लगेच खाली येत नाही. आपल्याला वाटतं, झालं गेलं विसरलो. आत मात्र इंजिन सुरूच असतं, आणि त्याच अवस्थेत दुसरं काही बारीकसं झालं की उरलेला जोर त्याला जाऊन चिकटतो. म्हणून सांडलेलं पाणी, मोठ्याने लावलेला टीव्ही, "आई, बघ ना" हे सगळं त्या वेळी गुन्ह्यासारखं वाटतं. तेव्हा आपल्याला मनापासून वाटत असतं की समोरचाच चुकतोय. मला यातलं सर्वांत भीतीदायक हेच वाटतं.

आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "राग मनात ठेवू नकोस, काढून टाक." मीही तेच करत होते. परतीच्या वाटेवर मैत्रिणीला फोन लावायचा आणि साहेब काय म्हणाले, मग मी काय म्हणाले, खरं तर काय म्हणायला हवं होतं, हे सगळं पहिल्यापासून. वाटायचं, मोकळी झाले. प्रत्यक्षात घरी पोचेपर्यंत मी तो अपमान तीनदा नव्याने भोगलेला असायचा. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधावर मुद्दाम झोंबणारी टीका केली. मग काहींना, टीका करणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले राहिले. नुसते बसलेले तुलनेने शांत झाले. पुढे २०२४ साली बुशमन आणि सोफी क्यार्विक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही हेच दिसलं. संथ श्वास, ध्यान, शरीर सैल सोडणं, अशा शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. आदळआपट करून उतरत नाही. पळायला जाणं तब्येतीला चांगलंच, पण रागावरचा उतारा म्हणून त्याचा भरवसा नाही.

आता मी बसमधून उतरले की थेट वर जात नाही. इमारतीखाली एक बाक आहे, तिथे पाच मिनिटं बसते. फोन पर्समध्येच. श्वास घेताना चार अंक, सोडताना सहा-सात. खांदे कानापर्यंत चढलेले असतात हे तिथे बसल्यावरच कळतं. मग स्वतःला सरळ शब्दांत सांगते, "मला अपमान झाल्यासारखं वाटतंय" किंवा "मी थकलेय". नुसतं "डोकं फिरलंय" म्हणून भागत नाही, नेमका शब्द शोधावा लागतो. पाच मिनिटं उशिरा पोचल्याने घरात कुणाचं काही अडलेलं नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. प्रत्येक राग श्वासावर सोडून द्यायचा नसतो. रोज संध्याकाळी निघतानाच काम परत येत असेल तर तिथे बोलायलाच हवं, आणि मी बोलले. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगातली धग गेल्यावर. "बदल हवे असतील तर चारच्या आत कळवा, नाहीतर ते उद्या होतील." चारपैकी तीनदा तरी आता हे पाळलं जातं. आणि जे साहेबलोक हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती, सकाळची मीटिंग अर्धा तास पुढे न्या. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा हिशेब विचारला होता. कोणत्या कामात किती बरं वाटलं या यादीत सकाळचा ऑफिसचा प्रवास तळाला होता. माणूस तुमच्या खुर्चीपर्यंत पोचतो तोच निम्मा संपलेला असतो.

रोज जमतंच असं नाही. परवा बस पन्नास मिनिटं अडकली, बाकावर बसायचं राहिलं आणि बाथरूमचा नळ उघडा दिसल्यावर माझा आवाज चढलाच. पण या वेळी मी परत फिरले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं, "नळ बंद करायला हवा होतास, ते खरं. पण एवढं ओरडले ते तुझ्यामुळे नाही. बस अडकली होती, तो राग माझ्यात राहिला होता."

त्याने विचारलं, "मग बसवाल्या काकांना ओरडलीस?"

"नाही रे. तेही आमच्यासोबतच अडकले होते."

त्याने थोडा विचार केला, उठला, आणि मला पाणी आणून दिलं.